पाठमोरी उतरलेली पाखाडी

परवा सकाळी हे शेतातून आले ते खांद्यावर ज्वारीच्या कणसांची पेंडी घेऊनच. पेंडी अंगणात टेकवली, त्यातलं एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवे दाणे माझ्यापुढं धरले.

"आलाय बघ," म्हणाले.

आमच्या पारनेरच्या बाजूला पाऊस बेताचाच. उन्हाळ्याच्या आधीच विहिरी तळ दाखवायला लागतात. पण थंडी पडली, ज्वारीच्या दाण्यात दूध भरलं, की हे कोरडं रान थोडे दिवस श्रीमंत होतं. सकाळी बांधावरून चालताना साडीचा काठ दवानं भिजतो. दुपारी उन्हात बसावंसं वाटतं. शेणीच्या आरात कणसं भाजून, गरम असतानाच चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची. हुरड्याचा वास म्हणजे शेणीच्या धुराचा वास, असं लहानपणापासून माझ्या डोक्यात पक्कं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यात आणखी एक वास मिसळला, खाऱ्या वाऱ्याचा. आता दाणे तोंडात टाकले की मला समुद्र आठवतो. पारनेर तालुक्यात हुरडा खाताना समुद्र आठवणारी बाई मी एकटीच असेन.

माझा डावा पाय कळतंय तेव्हापासून असाच आहे. नुकती चालायला लागले होते, ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा पाय गेलेला होता. पोलिओ. मांडीपासून टाचेपर्यंत दोन लोखंडी सळया, त्यांना चामड्याचे पट्टे, खाली जड बूट. त्याला कॅलिपर म्हणतात. गुडघ्यापाशी त्याला एक खटका असतो. तो खाली पाडला की पाय काठीसारखा ताठ होतो आणि त्याच्यावर उभं राहता येतं. वर उचलला की पाय वाकतो, मग बसता येतं. उजव्या बगलेत कुबडी. एवढ्या सरंजामानिशी मी शाळा शिकले, लग्न केलं, स्वातीला वाढवलं आणि केस पांढरे होईपर्यंत तालुक्याच्या वाचनालयात नोकरी केली. ती नोकरी लागली तेव्हा भेटेल तो एकच वाक्य म्हणाला होता, बरं झालं, बसून करायचं काम मिळालं. माझ्यासाठी लोक कायम बसून करायच्या गोष्टी शोधत आले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून तर त्यांच्याशी भांडताही यायचं नाही.

शाळेची सहल गडाच्या पायथ्याशी पोचली की बाई म्हणायच्या, "तू इथं सावलीत बस. सगळ्यांच्या सामानावर लक्ष ठेव. आम्ही आलोच." पुढं लग्नानंतर सासरच्या माणसांबरोबर देवाला गेले तरी तेच. किती जणांच्या पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या मी राखल्या असतील. वर गेलेली माणसं घामानं भिजून, लाल तोंडानं, एकमेकांना काहीतरी सांगत हसत खाली यायची. "वर काय आहे?" मी विचारायची. "काही नाही गं, नुसता वारा," ती म्हणायची. मला बरं वाटावं म्हणून म्हणायची. पण त्यांच्या विस्कटलेल्या केसांत तो वारा मला दिसायचा.

एकदा मात्र मी वर गेले होते. माझं माहेर कोल्हारचं, प्रवरेच्या काठचं. मी अकरा-बारा वर्षांची असताना मामांनी हट्टानं मला पाठुंगळी मारलं आणि एका देवीच्या डोंगराच्या सगळ्या पायऱ्या चढले. त्या दिवशी मी नवं परकर-पोलकं घातलं होतं. लोक बाजूला होऊन वाट देत होते आणि माझ्या लोंबत्या पायाकडं बघत होते. वर पोचल्यावर मामांनी मला देवळाबाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि ते ओटीचं सामान घ्यायला गेले. तेवढ्यात एका बाईनं जाता जाता माझ्या हातात एक नाणं ठेवलं. मला कळायच्या आत ती पुढं गेलीसुद्धा. देवीचा मुखवटा कसा होता, वरून खालचं रान कसं दिसत होतं, मला काही आठवत नाही. तिच्या मुठीत राहून गरम झालेलं ते नाणं तेवढं आठवतं. मामांना मी सांगितलं नाही. मात्र त्यानंतर कुठं डोंगर दिसला, की मी इथं बसते, असं मीच आधी सांगून टाकायला लागले.

स्वातीचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा कोकणातला आहे, एवढंच मला कळलं होतं. ती आणि संदेशराव पुण्याला एकाच ऑफिसात कामाला होते. लग्न आमच्या दारात झालं. संदेशरावांचे वडील पूर्वीच गेलेले, आणि आई काही लग्नाला आल्या नाहीत. प्रवास झेपत नाही, असा निरोप आला. आमच्याकडं त्यावर थोडं बोललं गेलंच. "पोराच्या लग्नाला आई येत न्हाई म्हंजे काय? आपलं गाव पसंत पडलं नसंल त्यास्नी," असं माझी नणंद चारचौघींत म्हणाली. पुढं दोघांनी पुण्याची नोकरी सोडली आणि गावी जाऊन आंब्या-नारळाची वाडी सांभाळायला लागले. वर्षातून दोनदा स्वाती यायची. बाळंतपणालाही आली. मी मात्र तिचं घर एकदाही पाहिलं नव्हतं. ते घर अगदी समुद्राला लागून, आणि गाडीरस्ता वर डोंगरावर. मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उतरती वाट. तिला तिकडं पाखाडी म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी, हुरडा नुकता भरायला लागला होता तेव्हा, स्वातीचा फोन आला. त्यांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या, माघात पूजा घालायची होती.

"आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं," ती म्हणाली. "मी व्हिडिओ कॉल लावून ठेवीन. तुला घरात बसून सगळं नीट दिसेल. समुद्रसुद्धा दाखवीन."

"मी येत नाही, असं मी म्हणाले का?"

"अगं, पाखाडी आहे. चांगला माणूस दमतो."

चांगला माणूस. तिच्या तोंडून ते इतकं सहज आलं की तिच्या लक्षातही आलं नाही. माझं दूध पिऊन, माझ्याच कुबडीशी खेळून मोठी झालेली ही मुलगी. तिनंही मला सावलीत, सामानापाशी नेऊन बसवलं होतं.

"मी येणार आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

हे गेल्या सालचा उरलेला कडबा रचत होते. मी दारातूनच सांगितलं, आपण स्वातीकडं जायचंय. ह्यांनी हातातली पेंडी खाली ठेवली, माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग बुटाकडं पाहिलं.

"जाऊ की," म्हणाले. पेंडी पुन्हा उचलत विचारलं, "उतरनार कशी?"

"ते शिकायचंय," मी म्हणाले.

त्या दिवसापासून माझा हुरड्याचा हंगाम निराळाच सुरू झाला. एरवी मी आगटीपाशी बसून कणसं चोळायची. त्या वर्षी सकाळचं आवरलं की मी शेताच्या बांधावर जायची. बांध चढायचा, पलीकडं उतरायचं, परत चढायचं. कपाटात स्वातीचे जुने सलवार-कमीज होते, ते आयुष्यात पहिल्यांदा घातले, कारण साडी कुबडीत अडकायची. गच्चीच्या जिन्यावरून बसून उतरायचं, उभं राहून उतरायचं, दोन्ही करून पाहिलं. एकदा घसरले आणि कोपर सोलवटलं. पट्ट्याखाली मांडीला फोड आला, तो फुटला, त्यावर फडकं बांधून पुन्हा जिन्यावर गेले. हे वरच्या रानातून बघत असायचे. "तो बांध लई उंच हाय," एकदा ओरडले. "म्हणूनच चढतेय," मी ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्या बांधावरचे सुटे दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवले होते. मी ते परत जागेवर ठेवायला लावले. तिकडच्या पाखाडीवरचे दगड कोण उचलणार होतं?

माघ लागल्यावर आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. तिथं संदेशराव गाडी घेऊन आले होते. आम्ही हुरड्याच्या कणसांची गोणी बरोबर घेतली होती. घाट उतरायला लागलो तशी हवा बदलली. अंगाला चिकटणारा, दमट, आंब्याच्या मोहोराच्या वासाचा वारा खिडकीतून येत होता. माझ्या नजरेला मैलभर सपाट रानाची सवय. इथं रस्ता सारखा वळत होता, आणि प्रत्येक वळणावर पुढचं काही दिसायचं नाही. रात्र मधल्या एका गावात काढून दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गावाच्या वरच्या रस्त्याला पोचलो. ओढ्यावरची एक मोरी, एक चहाची टपरी, काजूची झाडं. झाडांच्या फटीतून खाली निळं काहीतरी चमकत होतं. मला वाटलं आभाळच आहे.

स्वाती मुलाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्याशेजारी संदेशरावांचे चार मित्र होते, आणि त्यांच्यामधे एक प्लॅस्टिकची खुर्ची, दोन बांबूंना दोरीनं नीट करकचून बांधलेली. खुर्चीवर उशीसुद्धा ठेवली होती.

"आई, बसा," संदेशराव म्हणाले. "दहा मिनिटांत खाली. आमच्याकडं आजारी माणसाला असंच नेतात-आणतात. कुणाला काही वाटत नाही."

ती मुलं कामधाम सोडून आली होती. त्यातल्या एकानं तर खुर्ची पुसायला खिशातून रुमालही काढला. त्यांच्या चांगुलपणापुढं माझं धैर्य जरा डळमळलं. बसले असते तर सगळेच सुटले असते. पण तळहातात एकदम ते जुनं नाणं जाणवलं.

"तुम्ही एवढे आलात, मला फार बरं वाटलं," मी त्या मुलांना म्हणाले. "पण मी आजारी नाही. माझी चाल हळू आहे, एवढंच. ही कणसांची गोणी तेवढी खाली न्या."

"आई, हट्ट करू नकोस," स्वाती हलक्या आवाजात म्हणाली. "पडलीस तर?"

"पडले तर उचला. त्याआधी हात लावू नका."

तिनं वडिलांकडं पाहिलं. ह्यांनी खांदे उडवले. "महिनाभर बांध चढलीय ती," म्हणाले. "माझं आयकंना, तर तुझं काय आयकनार?"

मी उतरायला लागले. हे माझ्या दोन पायऱ्या खाली चालत होते. आमच्या गच्चीच्या जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या. इथं एक पायरी वीतभर, दुसरी गुडघ्याएवढी. आधाराला कठडा नाही, एका अंगाला रचलेल्या दगडांचा गडगा, दुसऱ्या अंगाला उतार. त्यावर वाळलेली पानं पडलेली, त्यांच्यावर कुबडीचं रबर सरकत होतं. पहिलं वळण उभ्यानं उतरले. मग एक पायरी अशी आली की कुबडी खाली टेकेचना. मी खटका उचलला, बसले आणि बसूनच दोन-तीन पायऱ्या सरकले. जांभा दगड खरखरीत असतो, सलवारीला लाल माती लागली, तळहात सोलले. आणि मग अशी अडकले की पुढं सरकता येईना आणि उठताही येईना. बुटाचा पाय समोर लोंबतोय, खाली उतार, डोळ्यांपुढं अंधारी. वरून स्वाती "आई" म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू होतं. त्या क्षणाला मला वाटलं, खुर्ची बोलवावी.

तेवढ्यात खालून एका बाईचा आवाज आला. खणखणीत, ओळखीचा. फोनवर सणासुदीला ऐकलेला.

"विहीणबाई, अशा नका उतरू. पाठमोऱ्या व्हा. तोंड डोंगराकडं करा."

झाडीमुळं मला त्या दिसत नव्हत्या. माझ्या विहीणबाई, सुमतीताई, खाली अंगणाच्या कडेला उभ्या होत्या.

"पाठमोरी कशी उतरू?" मी विचारलं. "खालचं दिसणार नाही मला."

"मी सांगते ना. शिडी उतरतो तसं. हात वरच्या पायरीवर ठेवा. लोखंडाचा पाय आधी खाली सोडा, मग दुसरा. आमच्या इथल्या सगळ्या म्हाताऱ्या अशाच उतरायच्या."

कुबडी ह्यांच्याकडं दिली. गडग्याला धरून उठले, वळले, खटका पाडला. डोंगराकडं तोंड केलं आणि उताराची भीती एकदम नजरेआड गेली. डोळ्यांसमोर फक्त लाल दगड आणि त्यातून उगवलेलं बारीक गवत. ताठ पाय खाली सोडला. तो टेकला. उजवा पाय त्याच्याशेजारी आणला.

"आता बुटकी आहे," खालून आवाज आला. "आता उंच. घाई नको. उजवीकडं फणसाचं मूळ असेल, त्याला धरा."

मूळ होतं. मी धरलं. त्यांना मी कुठवर आले ते झाडीतून थोडंसं दिसत असावं, बाकीचं त्या आठवणीनं सांगत होत्या. बोलत बोलत आम्ही अर्ध्याहून जास्त उतरलो असू.

"आता सांभाळा. ही फुटकी आहे. पाय डाव्या अंगाला टाका."

मी पायानं चाचपलं, मग मान वळवून पाहिलं. "फुटकी नाही ही. सिमेंट लावलंय. चांगली गुळगुळीत आहे."

मी थांबले.

"कधी लावलं?" त्यांनी विचारलं.

"दोन-तीन पावसाळे झाले असतील, काकी," गोणी घेऊन पुढं गेलेल्या मुलांपैकी कुणीतरी त्यांना सांगितलं.

"मला कुणी बोललं नाही," त्या म्हणाल्या. लगेच पुढं, "बरं, मग सरळच पाय टाका."

मी खाली पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सारवलेलं अंगण, मागं नारळ, आणि अंगणाच्या टोकाला त्या उभ्या. भरल्या अंगाच्या, दोन्ही गुडघे बाहेर वाकलेले, एक हात तुळशीच्या कट्ट्यावर. आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून पाहिले, लाल मातीनं आणि थोड्या रक्तानं माखलेले.

"आधी हात धुवा," म्हणाल्या. "चहा ठेवलाय."

पूजा झाली, पाहुणे आले, गेले. त्या सगळ्याची आठवण आता पुसट झालीय. ठळक राहिली ती आमची दोघींची दुपार. ह्यांनी अंगणात आगटी केली. शेणी कुठून मिळणार, म्हणून नारळाच्या सुक्या सालीची सोडणं पेटवली. ह्यांना काही तो जाळ पसंत पडला नाही. "हिला दम न्हाई," म्हणत राहिले. पण हुरडा झकास भाजला. शेंगदाण्याच्या चटणीऐवजी ओल्या खोबऱ्याची चटणी. सुमतीताईंनी गरम दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून चावत राहिल्या.

"लग्नात हे मिळालं असतं का?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा चैत्र होता. नसतं मिळालं."

"मी आले नाही, तुम्हाला राग आला असेल."

आमच्याकडं काय बोललं गेलं ते मी त्यांना सांगितलं. लपवून काय करायचं होतं? त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"गुडघे गेले माझे," म्हणाल्या. "एका पावसाळ्यात पाखाडीवर पडले, तेव्हापासून वर गेले नाही. पहिल्यांदा पोरगाच म्हणाला, आई, तू नको येऊस, मी आणतो सगळं. मग सवय झाली. डॉक्टर खाली येतो, वाणसामान खाली येतं. लग्न मी मोबाईलवर बघितलं. आवाज मधेमधे जात होता. मंगलाष्टकं चालू असताना नेमका गेला."

"मग खुर्ची?"

"खुर्चीत मला बसवलं होतं, पडले तेव्हा. चौघांनी उचललं आणि वाटेत लोक विचारायला लागले, काय झालं, काय झालं. मी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, आपली तिरडीच चाललीय." त्यांनी आणखी एक कणीस ह्यांच्यापुढं केलं. "चोळा हो भाऊ. तुमच्या हाताला सवय आहे."

स्वाती ओटीवर बसून मुलाला भरवत होती. तिचा घास हातातच राहिलेला मी पाहिला. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासू कधी वर रस्त्यावर गेली नाही, हे तिला माहीत होतंच. तिला ते असं कुणी सांगितलं मात्र नव्हतं. उठून जाता जाता ती माझ्या खांद्याला हात लावून गेली.

समुद्रावर आम्ही ओहोटीला गेलो. कधी जायचं ते सुमतीताईंनीच ठरवलं. भरतीला कोरडी वाळू तेवढी उरते, त्यात कुबडी रुतते. ओहोटीला ओली वाळू मागं राहते, ती घट्ट असते. तरी वाडीच्या फाटकापासून ओल्या वाळूपर्यंतचा कोरडा पट्टा मला फार जड गेला. कुबडीचं टोक फूटभर आत जायचं, बूट वाळूनं भरायचा. सुमतीताई माझ्याशेजारी डुलत डुलत, दर चार पावलांना थांबत चालत होत्या. त्या थांबल्या की मी थांबायची, त्यामुळं मला कुणासाठी घाई करावी लागली नाही. आयुष्यात प्रथमच मी कुणाबरोबर तरी चालत होते. एरवी लोक माझ्यापुढं असायचे, नाहीतर माझ्यासाठी थांबलेले असायचे.

खाऱ्या पाण्यानं लोखंड गंजतं, म्हणून मी ओल्या वाळूवर बसून पट्टे सोडले आणि कॅलिपर ह्यांच्याकडं दिलं. चारचौघांत ते मी कधी उतरवत नाही. सलवार वर सारली. डावा पाय उघड्या आभाळाखाली किती बारीक, किती पांढरा दिसला. हातानं उचलून तो मी पुढं ठेवला. एक लाट फेस घेऊन आली, पायाखालून गेली, त्याला उचललं, थोडं डावीकडं वळवलं आणि हलकेच परत ठेवलं. दुसरी आली, तिनंही तसंच केलं. ज्या पायाला मी कळतंय तेव्हापासून हातानं उचलून ठेवत आले, तो पाण्यात आपापला इकडून तिकडं होत होता.

हे कॅलिपर काखेत धरून मागं उभे होते.

"हालला," म्हणाले.

"पाण्यानं हलतोय," मी म्हणाले.

"व्हय, पन हालला," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून वाडीकडं बघायला लागले.

निघायचा दिवस आला. सामान आधी वर गेलं. मी सलवार-कमीज घालून, पट्टे आवळून अंगणात आले तर सुमतीताई ओचा खोचून तयार उभ्या होत्या.

"रस्त्यापर्यंत पोचवायला येते," म्हणाल्या.

संदेशराव बघतच राहिले. "आई, तू? अगं, तुझे गुडघे. थांब, मी त्या मुलांना..."

"मुलांना बोलावलंस तर मी माजघरात जाऊन बसेन," त्या म्हणाल्या.

संदेशरावांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी त्यांना आवरावं. मी म्हणाले, "वाटेत पाणी लागेल. तांब्या घ्या बरोबर."

चढताना त्यांची युक्ती वेगळी होती. पायरीवर बसायचं, तोंड समुद्राकडं, आणि हातांच्या जोरावर वरच्या पायरीवर बूड टेकवायचं. मी डोंगराकडं तोंड करून चढत होते आणि त्या माझ्या वरच्या पायरीवर, समुद्राकडं तोंड करून, त्यामुळं आम्ही एकमेकींशी बोलू शकत होतो. फारसं बोललो नाही, दमच नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर घाम ओघळत होता. एकदा त्या थांबल्या ते बराच वेळ सरकल्याच नाहीत. खाली बघत होत्या.

"खूप दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "पण इथून आमचं घर असं दिसतं, हे मी विसरले होते. कौलं शाकारायला आलीत बघा."

सिमेंट लावलेल्या पायरीवर त्यांनी हात फिरवला. मग पुढच्या पायरीवर सरकल्या. दुपार होत आली तेव्हा आम्ही वर पोचलो. संदेशरावांचा चेहरा उतरला होता, स्वातीचा मात्र नव्हता. ती शेवटच्या पायरीवर सासूला हात द्यायला वाकली, मग थांबली आणि विचारलं, "हात देऊ का?"

"दे," सुमतीताई म्हणाल्या.

त्या मोरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि इकडं-तिकडं बघत राहिल्या. रस्ता रुंद झाला होता. पलीकडच्या डोंगरावर मोबाईलचा मनोरा उभा राहिला होता. टपरीवाला बाहेर आला, त्यांना पाहिलं आणि हातातला कप तसाच धरून उभा राहिला.

"काकी, तुम्ही?"

"मीच," त्या म्हणाल्या. "एवढा पिकलास होय रे? चहा दे. साखर जास्त."

आमची गाडी वळणावर पोचली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. त्या कट्ट्यावर कप घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती तीन-चार माणसं जमली होती. त्या हात हलवायचं विसरल्या होत्या. त्यांना खूप जणांशी बोलायचं होतं.

त्याला आता दोन वर्षं झाली. मधे मी आणखी एकदा जाऊन आले. मांडीवरच्या फोडाचा वण राहिला आहे. सुमतीताई आता पौर्णिमा-अमावास्येला वर जातात. कुणी त्यांना नेत नाही आणि अडवतही नाही. संदेशरावांनी अवघड वळणांवर धरायला लोखंडी नळाचा कठडा बसवला, पण बसवण्याआधी तो कुठं आणि किती उंचीवर हवा, ते आईला विचारलं, असं स्वातीनं फोनवर आवर्जून सांगितलं.

परवा ह्यांनी पेंडी आणली त्याच संध्याकाळी सुमतीताईंचा फोन आला. स्वाती आणि संदेशराव येणार आहेत, त्यांच्याबरोबर त्याही येतायत. हुरडा आमच्या शेणीवर भाजलेला खायचाय म्हणे, आणि जिथं लेकाचं लग्न झालं ते अंगण बघायचंय.

हे लगेच उठले आणि घराच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. आमचं जोतं उंच आहे, अंगणातून घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. मला त्यांची सवय झालेली.

"मुरूम टाकून उतार करून घेतो," हे म्हणाले. "एक ट्रॉली आनली की काम भागतंय. त्या यायच्या आत होईल."

"थांबा," मी म्हणाले. "त्यांना विचारते आधी."

पुन्हा फोन लावला. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, बऱ्यापैकी उंच आहेत, बाजूला धरायला काही नाही, तर उतार करून ठेवू का, असं विचारलं. पलीकडं समुद्राचा आवाज येत होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी आल्यावर बघते, कशा आहेत त्या."